सर म्हणतात विषय हलका हाये: गावातले व्हॉट्सॅप ग्रुप न् रील्स यावर प्रोजेक्ट करू का?

पऱ्हाटी_०७
राम राम मंडळी. मी बीए तिसऱ्या वर्षाले हाये, विषय समाजशास्त्र. गाव दारव्हा तालुक्यातलं, कॉलेजले यष्टीनं जाणं-येणं. यंदा आम्हाले फील्ड प्रोजेक्ट हाये, म्हणजे गावात फिरून, लोकाइले विचारून लिहायचं. बाकीच्याइनं बचत गट, दारूबंदी, शेतकरी आत्महत्या असे विषय घेतले, दरवर्षी तेच असतात न् लायब्ररीतल्या जुन्या फाइली पाहून उतरवले जातात.

मले मोबाईलवरचं जग पाहायले आवडते. रील बनवायले नाही, माह्या इन्स्टाच्या प्रोफाईलले फोटोबी नाही, गुलाबाचं फूल हाये. मले पाहायले आवडते की लोकं काय टाकतात, काहून टाकतात, कोणत्या ग्रुपवर काय खपते न् काय खपत नाही. आमच्या गावात एकच माणूस ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर 'मा. सरपंच साहेब' लिहिते, पोट्ट्याइच्या ग्रुपवर शिव्या देते न् भजनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळी पाच वाजता 'जय गुरु' टाकते. कोणी वारलं की अर्ध्या तासात श्रद्धांजलीचा फोटो येते, मागं ढग, वर दिवा, खाली 'शोकाकुल' न् नावं. मागं एका घरी धाकट्या जावयाचं नाव मोठ्याच्या वर आलं तर तेरवीपर्यंत अबोला होता. हे सारं मले लय भारी वाटते.

सरांना सांगितलं तर म्हणे विषय हलका हाये, दुसरा आण. बाबा म्हणतात मोबाईल पाहाची डिग्री असते का. तर तीन गोष्टी विचारायच्या होत्या. विषय खरंच हलका हाये का? घेतला तर नेमकं काय पाहू? न् पुढं याच्यात शिकायले काही हाये का?

तर्री_पोहे
मोबाईल पाहाची डिग्री असती तर आमच्या चौकातल्या पानठेल्यावर सारे पीएचडी असते, गाईड ठेलेवाला.

पुण्यातला_वऱ्हाडी
ताई, प्रोजेक्टसाठी काही घे पण करिअर पाहायचं असेल तर डिजिटल मार्केटिंग शिक. सहा महिन्याचा कोर्स कर, पुण्यात ये, ग्रुपवर कोण काय बोलते याले कोणी पगार देत नाही. मी स्वतः आयटीत आहे, सोशल मीडियाची टीम आमच्याकडे आहे, त्यांना रिच न् एंगेजमेंट कळते, जावयाचं नाव वर का खाली हे नाही कळत. तोंडावर सांगतो, राग मानू नको.

वावरात_हाय
@पुण्यातला_वऱ्हाडी नाही कळत म्हणूनच तुमच्या कंपन्याइच्या जाहिराती आमच्याकडे चालत नाहीत भाऊ 😄

निवृत्त_मास्तर
बेटा, विषय हलका नाही, पण तू जे लिहिलंस तो अजून विषयही झालेला नाही. "मला आवडते" इथून सुरुवात होते, पण समाजशास्त्रात प्रश्न लागतो. श्रद्धांजलीच्या फोटोतल्या नावांचा क्रम हा नात्यांचा आणि मानपानाचा मामला आहे, तो छापील पत्रिकेतही होता. मोठा जावई तेव्हाही रुसत होता. मग पत्रिकेतून फोनवर येताना बदललं काय? वेळ बदलली का, ठरवणारा माणूस बदलला का? पूर्वी घरातला कर्ता माणूस बसून नावं सांगायचा, आता कोण सांगतं? असा एक धागा धर.

आणि तुझ्या सरांना एक आठवण करून दे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत फोनाफोनीवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. गावातल्या ग्रुपवर काय फिरतं, त्यावर कोण विश्वास ठेवतं आणि कोण थांबवतं, याला हलकं कोणी म्हणू नये.

पऱ्हाटी_०७
मास्तर, हे मी सराइले दाखवतो. धन्यवाद जी.
@पुण्यातला_वऱ्हाडी दादा राग नाही, पण मले चॅनल बी नाही काढायचं न् जाहिराती बी नाही कराच्या. मले समजून घ्यायचं हाये.

वावरात_हाय
माह्याकडून एक घे. २०१७ साली पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आम्ही चारपाच गावचे कास्तकार एका ग्रुपवर होतो. आधी डोमकळ्याइचे फोटो आले, पाकळ्या चिकटलेलं फूल, कोणाले समजेना काय हाये. मंग एकानं बोंड फोडून अळीचा फोटो टाकला न् त्याच्यानंतर दोन दिवस ग्रुपवर नुसते फोडलेले बोंडं. वरून हिरवंगार बोंड न् आत सारं खराब. सारे आपापल्या वावरातून टाकत होते, लिहीत कोणीच काही नव्हतं. थे फोटो पाहूनच समजलं की हे एकट्याचं नाही, साऱ्याइचंच गेलं.

पण त्याच ग्रुपवर फवारणीचे मिक्सबी फिरत होते, हे औषध इतकं न् ते इतकं, कोणी लिहिलं पत्ता नाही. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेले, पेपर भरून बातम्या होत्या. मी असं म्हणत नाही की ग्रुपमुळं मेले, त्याले बाकी लय कारणं होते, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, अंगात साधा सदरा, तोंडाले दुपट्टा, न् औषध जहाल. पण एकाच ग्रुपवर कामाचं न् घातक दोन्ही येते न् दोन्हीचा रंग एकच असते, हे लिही.

पट_प्रेमी
सारे गंभीर झाले राव. ताई तू शंकरपटाचं घे, बैलजोड्याइच्या शर्यतीचं. आमच्या इकडे बैलाइचे फॅन पेज हायेत, माणसाइचे नसतील इतके. जोडी धावली की घड्याळात सेकंदाच्या पुढचे आकडे पाहातात लोकं, न् थो घड्याळाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाच तालुक्यात फिरते. २०१४ ले सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्यावर सारं थंड पडलं होतं, डिसेंबर २०२१ ले अटी लावून परवानगी भेटली न् मे २०२३ ले कोर्टानं शेवटचा निकाल दिला. मधात सात वर्षं गेले न् त्या सात वर्षात साऱ्याइच्या हाती मोबाईल आला. म्हणून बंद झाला तेव्हाचा पट वेगळा न् चालू झाला तेव्हाचा वेगळा. आधी जोडीचं नाव मालकाच्या नावानं चाले, आता बैलाचं स्वतःचं नाव, स्वतःचं गाणं, स्वतःचा एडिट. किंमतबी रीलवर ठरते असं म्हणणारे हायेत.

तर्री_पोहे
बैलाले फॉलोअर, मालकाले कर्ज.

पट_प्रेमी
@तर्री_पोहे नागपुरात बसून बोलणं सोपं हाये भाऊ. तळेगाव दशासरले या एकडाव पटाले, मंग बोला.

झाडीचा_माणूस
हाव गा, पटाचा विषय निघालाच तर आमच्याकडं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पट न् नाटक सोबतच असते. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, न् मंडईच्या रात्री नाटक, थेट होळीपर्यंत. वडशाले नाटक कंपन्यांचे ऑफिस हायेत, पयले तिथून पत्रकं छापून यायची, रिक्षावर भोंगा लावून गावोगावी सांगायचे. आता पोस्टर स्टेटसवर. एका नाटकाचं पोस्टर शंभर लोकांच्या स्टेटसवर दिसलं म्हणजे गर्दी होणार, मग आयोजक लोकं आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून सांगतात, ठेव बा स्टेटस.

पण एक लफडं हाये. लोकं मंडपात बसून सारं नाटक शूट करतात न् यूट्यूबवर टाकतात. रात्रभराचं नाटक, चारपाच तासाचं, आवाजात मागल्या पोराचं रडणं. कंपनी वैतागते, पडदा उघडायच्या आधीच सांगतात शूटिंग करू नका. मी मात्र बाजू दोन्हीची सांगतो. माझी बहीण सुरतला हाये, मिलमध्ये जावई. ती असलेच रडकं पोर मागं असलेले व्हिडिओ पाहाते, कंपनीनं स्वतः काढलेला साफ व्हिडिओ नाही पाहात. म्हणते मंडपात बसल्यावानी वाटते.

पुण्यातला_वऱ्हाडी
हे इंटरेस्टिंग आहे हे मान्य करतो.

माह्या_चॅनलले_पाहा
ताई मले एक वेगळं सांगायचं हाये. तुले चॅनल नाही काढायचं ठीक, पण गावात जे पोट्टे काढतात त्याइचं काय होते ते लिही, कारण साऱ्याइले वाटते की व्हिडिओ चालला की पैसा. माह्यं शेतीचं चॅनल हाये. यूट्यूबचं असं हाये की जाहिरातीचे पैसे पाहिजे असतील तर १००० सबस्क्रायबर न् वर्षभरात ४००० तास लोकाइनं पाह्यलं पाहिजे, नाहीतर ९० दिवसात शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. एवढं करूनबी १०० डॉलर जमा होईपर्यंत खात्यात एक रुपया येत नाही. न् मधात पत्ता तपासायले पिनचं पत्र येते, थेबी साध्या पोस्टानं. आमच्या पोस्टमनले थो लिफाफा काय हाये माहीत नव्हतं, त्यानं ग्रामपंचायतीत ठेवून देल्लं, मी तिकडे घरी वाट पाहून रायलो. शिपाई म्हणे इंग्रजी होतं म्हणून वाटलं बँकेची नोटीस हाये, तुह्या बापाले कायले टेन्शन द्या.

तर्री_पोहे
😂😂 शिपायाले सलाम. असा एखादा माणूस प्रत्येक ग्रुपवर अॅडमिन पाहिजे, फॉरवर्ड आलं की ठेवून देणारा.

झेरॉक्स_सेंटर
इतक्या वेळचा वाचून रायलो, श्रद्धांजलीचा विषय निघाला तर बोलणं भाग हाये कारण थे फोटो बनवणारा मीच (म्हणजे माह्यासारखेच सारे). माह्यं दुकान बस स्टँडवर. आधी मेमरी कार्डात गाणे भरून द्यायचो, त्याच्यावर घर चाललं. सप्टेंबर २०१६ ले जिओ आलं न् दोन-तीन महिन्यात कार्ड घेऊन येणारा गिऱ्हाईक दिसेनासा झाला. मंग ऑनलाईन फॉर्म, पीक विमा, सातबारा, न् वाढदिवस-श्रद्धांजलीचे बॅनर. आता पोट्टे स्वतःच मोबाईलमध्ये वाढदिवसाचे बनवतात, पण श्रद्धांजलीले अजून माह्याकडेच येतात. काहून की चूक झाली तर दुकानदारावर ढकलता येते.

बनवायची गोष्ट सांगतो. म्हातारी बाई वारली की तिचा एकटीचा फोटो नसतेच. आधारचा असते, त्याच्यात डोळे मिटलेले, नाहीतर नातवाच्या लग्नातला, साऱ्याइच्या मधात उभी. थो घेऊन येतात. मंग तिच्या खांद्यावरचा सुनेचा हात पुसावा लागते, डोक्यावरचा पदर मागच्या बाईच्या साडीत मिसळलेला असते थो वेगळा कराचा, कपाळाले कुंकू असलं तर विचारायचं, मालक आधी गेलते का नंतर. सवाष्ण गेली तर ठेवायचं. हे विचारताना समोर पोरगा उभा असते, डोळे लाल, न् मागं त्याचा चुलता म्हणते लवकर कर गा, साडेअकराले नेणार हाओत.

नावाइचा क्रम चिठ्ठीवर लिहून मागतो मी आता. चिठ्ठी जपून ठेवतो. भांडण झालं की चिठ्ठी दाखवतो.

न् ताई, तुले टायपिंग करून लिहायचं असेल तर युनिकोडमध्येच कर. कृतिदेवमध्ये कराल न् सराइच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तर सारं गिचमिड दिसते. दर मार्चमध्ये पोट्टे येतात रडत.

निवृत्त_मास्तर
@झेरॉक्स_सेंटर, तुमची ती चिठ्ठी म्हणजे संशोधनाचं साधन आहे हो. फेकू नका.

झेरॉक्स_सेंटर
फेकत नाही जी. पण देणारबी नाही कोणाले, घराघरातली गोष्ट हाये.

कोर्टकचेरी
यावरूनच एक मुद्दा. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट प्रोजेक्टला जोडायचे असतील तर थांबा. नंबर दिसतात, फोटो दिसतात, कोणाचं आजारपण, कोणाचं कर्ज. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला संसदेनं केला आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी लोकांनी ते आपसात बोलायला लिहिलंय, तुमच्या फाईलसाठी नाही. अॅडमिनला विचारून भागत नाही. ज्याचा मेसेज त्याला विचारा, नावं-नंबर काढा.

आणि अॅडमिन घाबरत असेल तर त्याला सांगा की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. गावोगावी अॅडमिनला पोलीस उचलतील अशी भीती आहे, तेवढं तरी कमी होईल.

एक विचारतो, ग्रामपंचायतीच्या त्या ग्रुपमध्ये तुम्ही स्वतः सदस्य आहात ना?

राजकारण_बंद
अॅडमिनचं सोडा, निवडणुकीत आमच्या ग्रुपवर ज्यानं पैसे वाटले त्याचाच फोटो डीपीले होता, हे

संपादक
वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. पक्षांच्या गप्पा निवडणुकीच्या धाग्यावर करा, इथे विद्यार्थिनीच्या प्रश्नावर बोला.

पऱ्हाटी_०७
@कोर्टकचेरी नाही, मी नाही हाओ त्या ग्रुपात. बाबाच्या मोबाईलवर वाचतो. संध्याकाळी बाबा जेवायले बसले की मोबाईल माह्याकडे असते. भजनी मंडळाचा ग्रुप आजोबाचा. पोट्ट्याइचा ग्रुप भावाचा, थो दाखवत नाही पण लॉक माहीत हाये 🙈 माह्या स्वतःच्या मोबाईलमध्ये कॉलेजचा ग्रुप न् मामेबहिणीइचा ग्रुप, एवढेच.

दिग्रसवाली
मी आशा वर्कर हाओ. हे वाचलं न् लिहाव वाटलं. पोरी, तू म्हणतेस गावाचा ग्रुप, पण थो गावाचा नाही, गावातल्या माणसाइचा हाये. तुह्या गावाच्या ग्रुपवर बाया किती हायेत मोजून पाह्य. आमच्याकडे सरपंच बाई हाये, पण तिच्या नंबरवरून तिचे मालक लिहितात, 'मी उद्या तहसीलले जातो' असं. सदस्य बायाइचे नंबरच घेतले नाहीत, त्याइच्या मालकाइचे घेतले. २०११ पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायाइले हायेत, पण ग्रुपवर येऊन पाह्यलं तर समजणार नाही.

न् बाया काहून नाहीत तेबी सांगतो. ग्रुपवर नंबर साऱ्याइले दिसते. आमच्या इथल्या एका पोरीले टाकलं होतं, नोकरीची माहिती यायची म्हणून, तर रात्री 'हाय' 'काय करून रायली' सुरू. तिनं बापाले नाही सांगितलं, मले सांगितलं, काहून की बापाले सांगितलं असतं तर बापानं मोबाईलच काढून घेतला असता. मी अॅडमिनले सांगून तिचा नंबर काढला. तेव्हापासून एकबी पोरगी त्या ग्रुपवर नाही.

आमचं स्वतःचं सांगू का, आम्ही कामाच्या ग्रुपवर हाओत. लसीकरण झालं की फोटो टाक, मीटिंग झाली की फोटो टाक, रात्री दहाले मेसेज येते उद्या सकाळी अमुक यादी पाठवा. रिचार्ज आपल्या पदरचा, रोज दीड जीबीचा २८ दिवसाचा पॅक २०२४ ले २३९ चा २९९ झाला, थो कोणी देत नाही. महिनाबी नाही पुरत, २८ दिवस.

वावरात_हाय
खरी गोष्ट बोलल्या ताई. आमच्या कास्तकाराच्या ग्रुपवरबी एक बाई नाही. न् कापूस वेचतात कोण? बायाच. बोंडातली अळी पयले त्याइनंच पाह्यली होती, फोटो मात्र आम्ही टाकले.

मेळघाट_रेंज
आमच्याकडे बाई काय न् माणूस काय, रेंज असली तर ग्रुप. हरिसालले २०१६ साली डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला, चांगलं हाये, पण आतल्या गावात अजून टेकडीवर ठरलेली जागा हाये, तिथं उभं राहिलं की मेसेज पडतात. तिथं संध्याकाळी सारे भेटतात, म्हणजे ग्रुप ऑनलाईन नाही, टेकडीवरच हाये.

अजून एक. आमचे कोरकू लोकं लिहीत नाहीत, आवाज पाठवतात. कोरकूत लिहायची सवय शाळेनं लावलीच नाही, मराठीत लिहाले लाज वाटते. म्हणून आवाज. म्हातारी बाई, जिले एक अक्षर येत नाही, ती माइकचं बटन दाबून दोन-दोन मिनिटं बोलते न् मधातच कोंबड्याले हाकलते, तेबी रेकॉर्ड होते. तिच्या नातवानं तिच्या मोबाईलात फोटो लावून देल्ले, कोणाले पाठवायचं ते फोटोवरून ओळखते. ताई, फक्त लिहिलेले मेसेज पाहाशील तर अर्धे लोकं सुटतील.

तर्री_पोहे
आता मीबी शहाण्यासारखं एक बोलतो, नाहीतर संपादक मलेबी काढतील. हे मीम-बिम नवीन नाही. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्यासोबत बडगे म्हणजे पुतळे असतात, न् बडग्यावर त्या वर्षी ज्याच्यावर लोकं चिडले असतील त्याचं नाव लिहिलेलं असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, कधी नेते. 'घेऊन जा गे मारबत' ओरडायचं न् जाळून टाकायचं. हे मीमच झालं ना?

निवृत्त_मास्तर
मीम जळत नाही. बडग्या संध्याकाळी राख होतो, ज्याच्यावर निघाला तोही दुसऱ्या दिवशी मोकळा. मीमचा स्क्रीनशॉट पाच वर्षांनी त्याच्याच मुलीच्या फोनवर येतो.

तर्री_पोहे
मास्तर तुमच्यासमोर शहाणपण चालत नाही. जातो ठेल्यावर.

पट_प्रेमी
भेंडवळवालं कोणी बोललंच नाही. अक्षय तृतीयेची घटमांडणी, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत, न् चहा होईपर्यंत व्हॉट्सॅपवर रंगीत फोटो करून आलेलं असते, पाऊस किती, पीक कोणतं, राजा कायम का नाही. आधी ज्याले ऐकायचं त्याले जळगाव जामोदकडे जावं लागे. आता मानणारेबी वाचतात न् न मानणारेबी वाचतात. माह्या बापानं एका वर्षी त्या फोटोवरून तूर वाढवली.

वावरात_हाय
मंग?

पट_प्रेमी
मंग काय, भाव पडला. भाकितात भाव नव्हता ना.

कोर्टकचेरी
मूळ प्रश्नावर येतो. शिक्षणाचं कोणी बोललं नाही. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) केंद्र आहे, मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा तिथे होतो. वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार विभाग आहे, नागपूर विद्यापीठात आहे. पण तुम्हाला बातमी लिहायची नसून अभ्यास करायचा असेल तर मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) मीडिया न् कल्चरल स्टडीजचं एमए बघा, प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून आहे. किंवा सरळ समाजशास्त्रात एमए करा न् प्रबंध यावर करा. शेवटचा रस्ता स्वस्त, न् माझ्या मते बरा.

पुण्यातला_वऱ्हाडी
माझं पहिलं मत थोडं बदलून सांगतो. अॅप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये लोकं फोन कसा वापरतात ते घरी जाऊन पाहणारे असतात, यूजर रिसर्च म्हणतात. त्यांना वरचं मेळघाटवालं, आजी फोटोवरून नंबर ओळखते, हे सोन्यासारखं वाटतं. समाजशास्त्रवाल्यांना तिथे घेतात. इंग्रजी मात्र लागते, ते आत्तापासून कर.

निवृत्त_मास्तर
बेटा, दिग्रसच्या ताईंनी तुझा विषय तुझ्या हातात दिला आहे, पाहिलंस का? तू स्वतः गावाच्या ग्रुपात नाहीस आणि तरी तुला त्यातलं सगळं माहीत आहे. तुझ्यासारख्या आणखी किती? ज्या बाया ग्रुपात नाहीत त्यांच्यापर्यंत ग्रामपंचायतीची सूचना, नळाची वेळ, रेशनची तारीख, कोणाच्या मरणाची बातमी कशी पोचते? नवऱ्याच्या फोनवरून, मुलाच्या तोंडून, निंदणाला गेल्यावर दुसरीकडून, की पोचतच नाही? स्क्रीनशॉट लागत नाही, कोणाचा ग्रुप उघडावा लागत नाही. बोलायचं फक्त. शीर्षकात 'सोशल मीडिया' घातलंस तर सर पुन्हा हलकं म्हणतील. 'ग्रामीण स्त्रिया आणि माहितीची वाट' असं काही लिही, आत तेच आहे.

तर्री_पोहे
मास्तर तुम्ही वकील पाहिजे होते.

पऱ्हाटी_०७
मंडळी, आज सराइले भेटलो. मास्तराइनं सांगितलेलं नाव सांगितलं तर सर म्हणे हं, हे बरं हाये, आधी काहून नाही सांगितलं 😐 सही भेटली.

आता विचार असा हाये. तीन गोष्टी धरतो, नळाचं पाणी, रेशन न् मौतीची बातमी. मागच्या वेळची तुम्हाले कोणी सांगितली, कधी सांगितली, तवा तुम्ही कुठं होत्या, एवढंच विचारीन. आईले विचारून पाह्यलं तर ती म्हणे रेशनचं मले तूच सांगतेस की. म्हणजे ग्रामपंचायत बाबाले सांगते, बाबा काही बोलत नाहीत, मी चोरून वाचतो न् आईले सांगतो, आई शेजारच्या काकूले. मधातला माणूस मीच निघालो. मौतीचं मात्र आईले साऱ्याइच्या आधी माहीत असते, ग्रुपवर यायच्या आधी, ते कसं थे अजून समजलं नाही.

मेळघाटवाल्या दादा, आवाजाचं ध्यानात ठेवलं. प्रश्न लिहून नाही देणार, बसून बोलीन.

अडचण एकच हाये. आमच्या गावात मी विचारलं तर बाया माह्याकडे पाहून बोलतात, पाटलाची पोरगी हाये म्हणून. दुसऱ्या गावात ओळख नाही. दिवसा बाया वावरात, संध्याकाळी चुलीपाशी. कुठं गाठू?

झेरॉक्स_सेंटर
बुधवारी बँकेत ये, निराधारचे पैसे काढायले म्हाताऱ्या बाया लाइनीत असतात तीन-तीन घंटे. बोलायले कोणी पाहिजेच असते त्याइले.

वावरात_हाय
कापूस वेचणीले ये. पण नुसती विचारू नको, ओटी बांध न् वेचत वेचत विचार. रिकाम्या हातानं उभ्या राहणाऱ्याले बाया काही सांगत नाहीत.

दिग्रसवाली
आमच्या गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत साऱ्या लेकुरवाळ्या जमतात, सासवाबी येतात सोबत. सुई टोचल्यावर अर्धा घंटा बसवून ठेवावंच लागते, तवा निवांत असतात. सत्राची तारीख मी मेसेज करतो तुले इथंच खाजगीत, नंबर टाकू नको धाग्यावर. सकाळच्या दिग्रस गाडीनं ये, ती भेटली नाही तर काळीपिवळी हाये. न् पाटलाची पोरगी हे तिथं कोणाले सांगू नको, कॉलेजची म्हण.

पऱ्हाटी_०७
येतो ताई. सराइचं पत्र लागन का?

दिग्रसवाली
नर्सबाईले दाखवायपुरतं आण. बायाइले नको दाखवू, शिक्का पाहिला की त्याइले वाटते योजना आली, मंग आधार कार्ड काढून बसतात.